एक मीटरवरून पडलं तर दणका किती? आघातबलाचा अंदाज काढायची रीत

भरलेला गॅस सिलिंडर टेम्पोच्या फाळक्यावरून खाली सोडण्याआधी रस्त्यावर जुना टायर टाकतात. टायर टाकल्याने सिलिंडरचं वजन कमी होत नाही, उंची कमी होत नाही, खाली पोचतानाचा वेगही जवळपास तोच राहतो. तरी आघाताचं बल दहाएक पटींनी उतरतं. म्हणून 'तीस किलोची वस्तू एक मीटरवरून पडली तर किती बल बसेल?' हा प्रश्न अर्धाच आहे. वजन आणि उंची यांवरून ऊर्जा कळते. बल कळायला ती वस्तू किती अंतरात थांबली हे माहीत हवं. सगळी मेहनत त्या अंतराच्या अंदाजातच आहे, बाकीचं गणित आठवीच्या मुलालाही जमेल.

वस्तुमान, उंची, वेग

वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, साधारण १५ ते १६ किलो. आपण एकूण २९.५ किलो धरू.

उंची मोजायची ती वस्तूच्या तळापासून जमिनीपर्यंत, हातापासून नव्हे. बादली हातात धरली असेल तर कडीची उंची धरू नका, बुडाची धरा. कमी उंचीवर ही चूक मोठी पडते: बूड जमिनीपासून ६० सें.मी.वर असताना हाताची १ मीटर उंची धरली, तर ऊर्जा दीडपटीहून जास्त येते.

जमिनीला टेकतानाचा वेग:

वेग = ४.४३ × √उंची (उंची मीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंद)

अर्ध्या मीटरवरून ३.१, एका मीटरवरून ४.४, दोन मीटरवरून ६.३, दहा मीटरवरून १४. उंची चौपट झाली की वेग दुप्पट होतो. घरात आणि कारखान्यात हवेचा रोध सोडून द्या. वीस मीटर उंच माडावरून पडणाऱ्या दीड किलोच्या, सोडण्यासकटच्या नारळालाही हवा पाचसहा टक्क्यांहून जास्त अडवत नाही. थर्माकोल, रिकामा खोका, पुठ्ठा अशा हलक्या आणि ऐसपैस वस्तूंना मात्र हे लागू नाही.

ऊर्जा = वस्तुमान × ९.८१ × उंची. सिलिंडर एका मीटरवरून पडला तर २९.५ × ९.८१ × १, म्हणजे सुमारे २८९ ज्यूल. गंमत म्हणजे तो वीस मीटरवरचा नारळही याच घरात येतो, सुमारे २९४ ज्यूल.

मुख्य सूत्र

सरासरी बल = वजन × (उंची ÷ दबण्याचं अंतर + १)

इथे वजन न्यूटनमध्ये, म्हणजे किलो × ९.८१. 'दबण्याचं अंतर' म्हणजे पहिल्या स्पर्शापासून वस्तू पूर्ण थांबेपर्यंत तिचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो तितकं अंतर. त्यात वस्तूचं चेपणं, जमिनीचं दबणं, मधल्या गादीचं किंवा टायरचं बसणं हे सगळं एकत्र धरायचं. कंसातला '+१' यासाठी, की थांबता थांबताही गुरुत्व वस्तूला खाली ओढतच असतं. कडक फरशीवर तो नगण्य असतो, मऊ गोष्टीवर विसरू नये.

या सूत्रातून तोंडी वापरायचा एक आडाखा निघतो: उंची भागिले दबण्याचं अंतर, इतक्या पट वजन. एक मीटरवरून पडून ५ मि.मी.मध्ये थांबली, तर वजनाच्या दोनशे पट. २ मि.मी.मध्ये थांबली तर पाचशे पट. वस्तू सुई असो की सिलिंडर, पट तीच.

सिलिंडर रस्त्यावर पडला, खालचं कडं थोडं वाकलं, काँक्रीट जरा चुरलं आणि मिळून ५ मि.मी. झाले असं समजू (वजन २९.५ × ९.८१, म्हणजे २८९ न्यूटन):

२८९ × (१ ÷ ०.००५ + १) = सुमारे ५८,००० न्यूटन, म्हणजे जवळपास ६ टन वजनाइतकं बल.

तेच अंतर २ मि.मी. धरलं तर १,४५,००० न्यूटन, पावणेपंधरा टन. तीन मिलिमीटरच्या फरकाने उत्तर अडीचपट झालं. अंदाजाला टाचणीएवढं टोक काढण्यात अर्थ का नाही, ते इथे दिसतं. उत्तर नेहमी दोन आकड्यांच्या मधलं द्या.

टायरवर ८ सें.मी. दबलं तर:

२८९ × (१ ÷ ०.०८ + १) = सुमारे ३,९०० न्यूटन सरासरी.

सरासरी वेगळं, कमाल वेगळं

वर निघालं ते सरासरी बल. काच फुटते, वेल्ड सुटतो, टाइलचा टवका उडतो तो कमाल बलाने. सरासरीला ज्याने गुणलं की कमाल बल मिळतं तो गुणक, थांबताना बल कसं वाढत गेलं त्यावर ठरतो.

चिखल, ओली वाळू, शाडूची माती, चुरगळणारा पत्रा: बल साधारण एकसारखं राहतं, गुणक १ ते १.३.

रबर, टायर, स्प्रिंग, वाकणारी फळी: जितकं दबेल तितकं बल वाढतं, गुणक २.

भरीव गोल वस्तू कडक सपाटीवर: दबता दबता टेकलेला भाग रुंदावत जातो, म्हणून बल अधिक वेगाने चढतं, गुणक २.५.

फोम तळाला टेकला तर: गुणक सांगता येत नाही, पाचावरही जातो. फोम आधी सहज दबतो, ऊर्जा फारशी खात नाही, आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये दगडासारखा होतो. ५ सें.मी. जाडीचा फोम ५ सें.मी. दबत नाही. हिशोबाला निम्मी जाडी धरा, आणि तेवढ्यात भागत नसेल तर फोम कमी पडतोय असं समजा. खोक्यात कोपऱ्यांना फोमचे तुकडे कोंबून 'पॅकिंग केलं' म्हणणाऱ्यांचा माल इथेच फुटतो.

तर टायरवरच्या सिलिंडरचं कमाल बल ३,९०० च्या दुप्पट, ७,८०० न्यूटन. रस्त्यावर ५ मि.मी.चा हिशोब धरून ५८,००० ते १,१६,०००.

हाच हिशोब उलटा लावून सुरक्षा-साधनं तपासता येतात. बांधकामावरच्या हेल्मेटसाठी ईएन ३९७ हे युरोपीय मानक आहे. त्यात ५ किलोचा ठोकळा १ मीटरवरून हेल्मेटवर टाकतात आणि डोक्याच्या प्रतिकृतीपर्यंत पोचणारं बल ५,००० न्यूटनच्या आत राहावं लागतं. ऊर्जा ४९ ज्यूल. बल पूर्ण वेळ ५,००० वर टिकवता आलं तरी थांबायला किमान १० मि.मी. हवेत, स्प्रिंगसारखं वाढत गेलं तर २०. हेल्मेटचं टोपडं आणि आतल्या पट्ट्या यांच्यातली मोकळी जागा ती हीच. त्या फटीत रुमाल, हातमोजे किंवा तंबाखूची पुडी कोंबणारा माणूस ते मिलिमीटर स्वतःच्या हाताने भरून टाकतो.

दबण्याचं अंतर काढायच्या पाच रीती

*१. मागे राहिलेला खळगा किंवा पोचा मोजणं.* सगळ्यात सोपी रीत. माती, वाळू, लाकूड, पत्रा यांवर पडलेली वस्तू खूण ठेवते. व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या दांडीने खोली मोजा. गोल वस्तूने पाडलेल्या पोच्याची खोली नीट मोजता येत नाही, पण व्यास येतो. मग:

खोली = (पोच्याची त्रिज्या)² ÷ (२ × गोळ्याची त्रिज्या)

वाळूत वाळू परत ढासळून खळगा उथळ दिसतो. ती आधी किंचित ओली करून चोपून घ्या.

*२. पोच्याचं क्षेत्रफळ आणि धातूचा कठीणपणा.* पोलादी गोळीने माइल्ड स्टीलच्या पाटीवर पोचा पाडला असेल तर उंचीही माहीत नसली तरी चालते. ब्रिनेल कठीणपणाचा आकडा म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती किलोचा भार. २५ मि.मी. व्यासाची, ६४ ग्रॅमची गोळी एक मीटरवरून पडली आणि पोच्याचा व्यास ३ मि.मी. आला असं समजा. क्षेत्रफळ ७.१ चौ. मि.मी.; ते साध्या पाटीच्या १२५ या कठीणपणाने गुणलं तर ८८० किलो, म्हणजे ८,७०० न्यूटन. धक्क्यात धातू जरा जास्तच ताठ वागतो, म्हणून खरं बल याहून काहीसं वर असणार. मोजायला भिंग घ्या आणि कड तिरप्या उजेडात पाहा. पोच्याभोवती उठलेली वरंबी व्यासात धरू नका.

*३. कार्बन पेपर.* चेंडूसारखी वस्तू उसळून पूर्ववत होते, मागे काही राहत नाही. तेव्हा कोब्यावर पांढरा कागद, त्यावर शाईची बाजू खाली करून कार्बन पेपर, दोन्हीच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या करा आणि चेंडू सोडा. उमटलेला डाग म्हणजे सगळ्यात जास्त दबलेल्या क्षणीचं टेकलेलं क्षेत्र. पूर्ण उसळणाऱ्या भरीव गोल वस्तूसाठी:

दबण्याचं अंतर = (डागाची त्रिज्या)² ÷ चेंडूची त्रिज्या

वर पोच्याच्या सूत्रात छेदात २ होता, इथे नाही, ही टायपातली चूक नव्हे. चेंडू दबतो तेव्हा डागाच्या कडेबाहेरचा भागही खाली ओढला जातो, म्हणून तेवढ्याच डागाला अंतर दुप्पट निघतं.

क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चेंडू दोन मीटरवरून सोडला. त्रिज्या ३६ मि.मी. डागाचा व्यास २० मि.मी. आला असं धरू. अंतर १०० ÷ ३६, म्हणजे २.८ मि.मी. ऊर्जा ३.१४ ज्यूल. सरासरी १,१२० न्यूटन, गुणक २.५, कमाल सुमारे २,८००. शिवणीवर पडलेला डाग लांबुळका येतो, तो टाकून द्या. पाच-सहा वेळा टाकून मधला आकडा घ्या. कागदाला सुरकुती असेल तर भोवती फिकट कडं उमटतं, ते मोजलं की बल उगाच कमी निघतं.

*४. मातीचा शंकू.* टायर, गादी, रबरी मॅट किती दबली हे डोळ्याने दिसत नाही, कारण ती लगेच वर येते. टायरच्या मधल्या भोकात शाडूचा किंवा प्लॅस्टिसिनचा उभा, बारीक शंकू ठेवा, टायरच्या वरच्या पातळीइतक्या उंचीचा. वस्तूचा तळ भोकाला झाकण्याइतका रुंद आणि सपाट हवा. पडलेली वस्तू शंकूला चेपते, टायर वर येतो, शंकू चेपलेलाच राहतो. आधीची उंची वजा नंतरची, हे दबण्याचं अंतर. शंकू जाड केला तर तोच भार घेऊ लागतो, करंगळीहून बारीक ठेवा.

*५. स्लो मोशन चित्रण.* फोनमधल्या २४० चौकटींच्या स्लो मोशनमध्ये दोन चौकटींमध्ये ४.२ मिलिसेकंद जातात. एक मीटरवरून पडलेली वस्तू तेवढ्यात १८ मि.मी. पुढे सरकते. म्हणून कडक फरशीवरच्या आघातासाठी ही रीत निकामी आहे: स्पर्श झाला आणि सुटलाही, असं एका चौकटीच्या आत घडून जातं. टायरवर मात्र थांबायला २८ मिलिसेकंद लागतात, सहा-सात चौकटी मिळतात, आणि तेवढ्या पुरतात. कॅमेरा टायरच्या पातळीवर, तिपाईवर. वस्तूच्या शेजारी उभी फूटपट्टी, वस्तूइतक्याच अंतरावर. पट्टी मागच्या भिंतीला टेकवली तर अंतर चुकीचं वाचलं जातं.

मोजता येत नसेल तर गणिताने वरची मर्यादा

पोलादी गोळी काँक्रीटवर पडते तेव्हा दबण्याचं अंतर केसाच्या जाडीच्या घरात असतं. तिथे हर्ट्झचं स्पर्शसूत्र कामी येतं. हाइनरिख हर्ट्झने ते १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं, रेडिओ लहरींवरच्या त्याच्या कामाच्या काही वर्षं आधी. पायऱ्या अशा:

आधी संयुक्त ताठपणा काढा. पोलादाचा यंग गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचं माप) २०० गिगापास्कलच्या थोडा वर आणि काँक्रीटचा ३० च्या आसपास धरला, तर दोघांचा मिळून साधारण २७ गिगापास्कल येतो. मऊ पदार्थच जवळपास सगळं ठरवतो हे लक्षात घ्या.

मग स्पर्शाचा स्थिरांक = ४/३ × संयुक्त ताठपणा × √त्रिज्या. वरच्याच २५ मि.मी.च्या गोळीसाठी सुमारे ४.१ × १०⁹ (मीटर आणि न्यूटन धरून).

मग दबण्याचं अंतर = (२.५ × ऊर्जा ÷ स्थिरांक) चा ०.४ वा घात. ऊर्जा ०.६३ ज्यूल, अंतर ०.१७ मि.मी.

कमाल बल = २.५ × ०.६३ ÷ ०.०००१७, म्हणजे सुमारे ९,२०० न्यूटन. चौसष्ट ग्रॅमच्या गोळीचं!

हा आकडा वरची मर्यादा म्हणून वापरा. हर्ट्झचं सूत्र धरून चालतं की काहीही फुटत, चुरत किंवा कायमचं चेपत नाही. प्रत्यक्षात एवढ्या लहान जागेवर काँक्रीट टिकत नाही, कोब्यावर बारीक खळगा पडतो, अंतर वाढतं आणि बल उतरतं. जमिनीवर पांढरा चट्टा किंवा खळगा दिसला तर खरं बल या आकड्याच्या खाली आहे, एवढं खात्रीने म्हणता येतं.

वेळेवरून काढायचं असेल तर

सरासरी बल = वस्तुमान × (पडतानाचा वेग + उसळतानाचा वेग) ÷ स्पर्शाची वेळ + वजन

इथे उसळी मोजावी लागते, कारण वस्तू थांबून परत वर फेकली जाईपर्यंतचा सगळा काळ यात येतो. अंतराच्या रीतीत उसळी घ्यायची नसते, तिथे हिशोब थांबण्याच्या क्षणापर्यंतच असतो. दोन्हींची सरमिसळ करून अंतराच्या सूत्रात दोन्ही वेगांची बेरीज घालणं ही फार आढळणारी चूक आहे.

उसळी आवाजावरून नेमकी मिळते. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या आवाजांमधला वेळ काढा. फायफॉक्स या मोफत ॲपमध्ये, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेल्या, हा प्रयोग तयारच आहे.

उसळीची उंची = १.२३ × (वेळ)²

०.७ सेकंद आले तर उसळी ६० सें.मी., म्हणजे उसळतानाचा वेग ३.४. आपल्या चेंडूसाठी: ०.१६ × (६.३ + ३.४) म्हणजे १.५५. डागावरून निघालेल्या २.८ मि.मी. अंतराला स्पर्शाची वेळ सुमारे १.३ मिलिसेकंद बसते (अंतर × २.९४ ÷ वेग). भागाकार १,२०० न्यूटन. वेळेच्या सरासरीवरून कमाल काढायचा गुणक साधारण १.८, म्हणजे सुमारे २,२००. कार्बन पेपरने २,८०० सांगितलं होतं. दोन्ही रीतींत चेंडूने आतल्या आत जिरवलेल्या ऊर्जेचा विचार वेगळ्या ठिकाणी चुकतो, म्हणून 'दोन ते पावणेतीन हजार न्यूटन' हे प्रामाणिक उत्तर.

पोलादी गोळीची स्पर्शाची वेळ वरच्या आकड्यांवरून ०.११ मिलिसेकंद येते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती थेट मोजता येते: गोळीला बारीक लवचीक तार, खाली पोलादी पाट, मध्ये १.५ व्होल्टचा सेल आणि रोध, रोधावर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची वेळेनुसार रेघ दाखवणारं यंत्र). गोळी टेकली की मंडल पूर्ण, सुटली की खंडित. पाटावर गंज किंवा तेल असेल तर रेघ तुटक येते, आधी पॉलिश पेपर मारा. पोलादावर वेळ काँक्रीटपेक्षा कमी येईल.

खालची जागाच वाकत असेल तेव्हा

परांचीवरची फळी, पोटमाळ्याचा पत्रा, पोकळ बसलेली टाइल. इथे आधी स्थिर भाराखाली किती वाकतं ते मोजा, मग:

पट = १ + √(१ + २ × उंची ÷ स्थिर वाक)

सिमेंटचं ५० किलोचं पोतं फळीच्या मध्यावर हळूच ठेवलं तर ती ५ मि.मी. वाकते असं समजा. तेच पोतं अर्ध्या मीटरवरून टाकलं: १ + √२०१, म्हणजे पंधरा पट. फळीला ७६० किलो भासतील आणि ती साडेसात सें.मी. वाकू पाहील, म्हणजे बहुधा त्याआधीच मोडेल. पोतं स्वतः पसरतं, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून बराच कमी. पण तेवढ्याच वजनाचा दगड असेल तर ही सूट नाही. उंची शून्य घातली तरी उत्तर २ येतं: फळीला नुसतं टेकवून एकदम सोडलं तरी भार दुप्पट होतो.

व्हिट्रिफाइड टाइल खाली पोकळ असेल, बोटाने ठोकल्यावर 'ढब' वाजत असेल, तर ती वाकते, बल कमी होतं, आणि तरीही तीच आधी फुटते. कमी बल म्हणजे कमी नुकसान असं नसतं. टाइलला वाकणं सोसत नाही.

तिरकं पडणं

वस्तू कोपऱ्यावर पडली की ती फिरते आणि तिचं सगळं वस्तुमान त्या क्षणी थांबत नाही. पहार जवळजवळ आडवी पडून एक टोक आधी टेकलं, तर त्या टोकाला पहारेच्या वस्तुमानाचा चौथा भागच जाणवतो. मग दुसरं टोक खाली आपटतं आणि त्याचा वेग मूळ वेगापेक्षा जास्त असतो. पायाचा अंगठा बहुतेक वेळा त्या दुसऱ्या टोकाखाली सापडतो.

दोनशे ग्रॅमचा मोबाईल एका मीटरवरून पडला की १.९६ ज्यूल. कोपऱ्यावर पडून १ मि.मी.मध्ये थांबला तर सरासरी २,००० न्यूटनच्या आत, फिरल्यामुळे त्याहूनही कमी. मऊ कव्हर आणखी २ मि.मी. दबलं तर साडेसहाशे. सपाट पडला तर अंतर कमी, बल जास्त, पण ते सगळ्या पाठीवर पसरतं. काच फुटते ती बहुधा कोपऱ्यावर, कारण तिथे थोडं बलही नखाएवढ्या जागेवर एकवटतं.

कुठे फसतं

'५ किलोची वस्तू, म्हणून बल ५ × ९.८' हे उत्तर वस्तू जमिनीवर शांत पडून असतानाचं आहे, आदळतानाचं नाही.

'आघाताची वेळ ०.१ सेकंद धरू' असं पाठ्यपुस्तकी वाक्य पोलाद आणि फरशीसाठी हजारपट चुकतं. अगदी ढोबळमानाने: धातूवर धातू ०.१ मिलिसेकंद, कातडी चेंडू १ ते २, जाड गादी किंवा टायर ३० च्या पुढे.

एककं. मिलिमीटरचे मीटर आणि ग्रॅमचे किलो केले नाहीत, तर उत्तर हजाराच्या पटीत चुकतं आणि आकडा दिसायला ठीकच वाटतो. उत्तर आलं की ते वजनाने भागून 'पट' काढा आणि उंची ÷ अंतर याच्याशी ताडून पाहा.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वस्तू टाकून बल वाचता येत नाही. काटा सेकंदात थोड्याच वेळा आकडा बदलतो आणि मधल्या वाचनांची सरासरी दाखवतो. मिलिसेकंदाचा आघात त्याला दिसत नाही, आतला लोडसेल (भार मोजणारा भाग) मात्र कायमचा वाकतो.

फोनचा त्वरणमापकही नको. तो गुरुत्वाच्या काही मोजक्या पटींनंतर अडतो आणि सेकंदाला काही शे वाचनं घेतो. फरशीवरचा दणका शेकडो पटींचा आणि एका मिलिसेकंदाचा. आलेखावर वर जाऊन सपाट कापलेला माथा दिसला, तर ते उपकरणाचं टोक आहे, आघाताचं नव्हे. उशीवर किंवा जाड गादीवर मात्र तो बऱ्यापैकी बरोबर सांगतो.

प्रयोग करताना चष्मा घाला. पोलादी गोळी कडक पाटावरून कुठेही उडते, भोवती पुठ्ठ्याची चौकट उभी करा. भरलेला सिलिंडर टाकून बघण्याची वस्तू नाही. तेवढ्याच वजनाची वाळू भरलेला डबा टायरवर टाकून तेच अंतर मोजता येतं, तळ सिलिंडरच्या कड्याएवढा रुंद असला म्हणजे झालं.

लिहून ठेवताना वस्तुमान, तळाची उंची, कुठल्या बाजूने पडली, दबण्याचं अंतर कमीत कमी आणि जास्तीत जास्त, ते कसं मिळालं आणि कोणता गुणक लावला, एवढं लिहा. बलाचा आकडा दोनच सार्थ अंकांत: '५८ ते १२० किलोन्यूटन' असं. ५८,०८९ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, तेवढं मोजलंय.